अबू मंगेश

काका आधी पाइपला गाल लावायचे. पाना नाही, हात नाही, थेट गाल. भिंतीजवळ गुडघे टेकून बसायचे, डोक्यावरची कंपनीची टोपी उलटी करायचे, आणि तांब्याच्या पाइपला उजवा गाल चिकटवून डोळे मिटायचे. तान्ह्या पोराचा ताप बघावा तसं. मग डोळे न उघडताच म्हणायचे, "थांबा. पानी झोपूं दे."

घरमालक अरब असो, इंग्रज असो, नाहीतर आपला पुण्याचा बँकवाला असो, हे वाक्य मराठीतच. समोरच्याला ते कळलं पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण थांबायचा.

मी बहरीनला, सलमाबादमधल्या एका मेंटेनन्स कंपनीत कम्प्लेंट घेते. एका बाजूला अॅल्युमिनियमचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला टायरवाला, मधे आमचं ऑफिस. लोक फोनवर माझ्यावर ओरडतात, मी पुढे प्लंबर आणि एसीवाल्यांवर ओरडते. अकरा वर्षं हेच चाललंय. एवढ्या वर्षांत ज्याच्यावर ओरडताना मला दोनदा विचार करावा लागला असा हा एकच माणूस. गुहागरकडचे. वयाने माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. ते मला 'बाय' म्हणायचे.

बहरीनमध्ये घर गरम करायच्या पाइपलाइनी असतात हे मी कराडला फोनवर सांगितलं तेव्हा माझा भाऊ हसून हसून खोकायला लागला. त्याचं चुकलं नाही. वर्षातले नऊ महिने आम्ही इथे सगळं थंड करण्यात घालवतो. पण जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की संगमरवरी फरशीवर पाय ठेववत नाही, आणि जनाबियातल्या काही जुन्या मोठ्या व्हिला अशा आहेत की त्यांच्या मालकांनी तरुणपणी थंड देशांत दिवस काढलेले असतात. त्यांनी हौसेने गच्चीवर बॉयलर बसवलेत आणि खोल्याखोल्यांतून रेडिएटर. रेडिएटर म्हणजे भिंतीला टांगलेले पत्र्याचे चपटे डबे. त्यातून गरम पाणी फिरत राहतं.

यातला एखादा कॉक गळायला लागला की आमचे बाकीचे प्लंबर सरळ मार्ग धरतात. तळाचा नळ उघडायचा, घरभरचं पाणी काढून टाकायचं, कॉक बदलायचा, परत पाणी भरायचं. यात दिवस मोडतो. पाइपात हवा शिरते ती वेगळीच. मग आठवडाभर ते डबे खडखडत राहतात आणि घरमालक माझ्याशी खडखडत राहतात.

काका पाणी काढायचेच नाहीत. सकाळीच बॉयलर आणि पंप बंद करून ठेवायला सांगायचे. पाणी गार झालं आणि फिरायचं थांबलं की कॉकच्या दोन्ही बाजूंना पाइपवर एकेक जाड जॅकेट गुंडाळायचे आणि सिलिंडरमधून त्यात बर्फासारखा थंड गॅस सोडायचे. पंधरा-वीस मिनिटांत पाइपच्या आतलं पाणी तेवढ्याच जागी गोठायचं. दोन्हीकडे बर्फाचे बूच. मधला तुकडा खुशाल उघडा, कॉक बदला, बंद करा, जॅकेटं काढा, बर्फ आपोआप वितळतो. बाकी घराला पत्ताही लागत नाही. फक्त पाणी हलता कामा नये. हलतं पाणी गोठत नाही, गोठलं तरी टिकत नाही. गाल लावायचे ते त्यासाठी. कुठल्याशा गोदीत काम करताना एका गोऱ्या फोरमनकडून शिकले होते म्हणे. गाल मात्र त्यांचा स्वतःचा शोध.

त्यांच्या 'बाय'ने आमच्या ऑफिसात जो गोंधळ घातला तो सांगितलाच पाहिजे. रिसेप्शनला एक फिलिपिनो मुलगी होती, फार गुणी, फार घाईची. काका साइटवरून फोन करायचे आणि कोकणातला माणूस बोलायला सुरुवात करतो तशी करायचे, "बाय..." ती लगेच म्हणायची, "ओके सर, बाय!" आणि फोन ठेवून द्यायची. ते परत लावायचे. "अगो बाय..." "बाय बाय सर!" एकदा चार वेळा असं झाल्यावर काका टॅक्सी करून ऑफिसात आले. घामाघूम. तिच्या टेबलासमोर उभे राहिले आणि अत्यंत शांतपणे मला म्हणाले, "ह्या पोरीला सांग, मी अजून गेलो नाय."

मी तिला समजावलं की 'बाय' म्हणजे ताई, बाई, लेक, सगळंच. तिने ते एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवलं.

हसणं एवढंच. एरवी काका फार बोलत नसत. रागावत नसत, खूशही होत नसत. ईदची मिठाई आली तर एक तुकडा उचलायचे, चावायचे, पाणी प्यायचे. "चांगलीय" असं म्हणायचे, पण ते सगळ्यालाच म्हणायचे. त्यांच्या बोटांची टोकं पांढरट पडलेली होती, मेणासारखी. इतकी वर्षं त्या गॅसशी खेळून त्यातली जाणीवच गेली होती. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ते कडेला न धरता मुठीत धरून माझ्या टेबलापर्यंत घेऊन यायचे. मी ओरडायची, "काका, भाजेल!" ते पेल्याकडे बघायचे, मग हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, "ठाऊक नाय पडत."

हाताला पाइपचा गारवा की थरथर, काहीच कळत नाही म्हणून गाल, हे मला फार उशिरा समजलं.

जनाबियातल्या एका व्हिलात एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांना सगळे उम्म खालिद म्हणत, म्हणजे खालिदची आई. इथली ही पद्धत तुम्हाला माहीत असेल. थोरला मुलगा झाला की आईबापांना त्याच्या नावाने हाक मारायची, आई उम्म अमका, बाप अबू अमका. स्वतःचं नाव मागे पडतं. काका त्यांना 'मामा' म्हणायचे, कारण इथे घरकामाच्या सगळ्या बायका मालकिणीला आई या अर्थाने तसंच म्हणतात. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत त्या घरी गेले तेव्हा "मामा आता खाली येतील" असं ऐकून कोण मामा म्हणून दाराकडे बघत बसले होते.

उम्म खालिद इंग्रजी बोलायच्या, काका तोडकं हिंदी-अरबी. कराराचे कागद आणि भाषांतर या दोन्हीसाठी मला जावं लागायचं. त्या पहिल्या दिवशीच उम्म खालिदनी काकांना काम करताना पाहिलं, गाल लावताना पाहिलं, आणि त्या खुर्ची ओढून समोरच बसल्या. मला म्हणाल्या, "याला काय म्हणायचं? अबू काय?"

मी काकांना विचारलं, "थोरल्या मुलाचं नाव विचारतायत."

काकांनी नट फिरवायचा थांबवला. म्हणाले, "मंगेश."

"अबू मंगेश," उम्म खालिद म्हणाल्या. 'श' त्यांनी छान लांबवला. "वेन मंगेश?" कुठे असतो मंगेश?

"बहर, मामा," काका म्हणाले. समुद्रात. "बोटीवर."

त्या दिवसापासून त्या घरात ते अबू मंगेश झाले. ड्रायव्हर, स्वयंपाकीण, माळी, सगळे तेच म्हणायला लागले. जनाबियातून फोन आला की रिसेप्शनची मुलगी मला ओरडून सांगायची, "अबू मंगेशची कम्प्लेंट!" आणि काका, जे कुठल्याही साइटवर जायला ना उत्सुक असत ना नाखूश, ते त्या घरचं नाव ऐकलं की शर्ट बदलून येत. मी चिडवायची, "काका, आज इस्त्री?" ते हत्यारांची पेटी उचलून चालू लागायचे.

मलाही वाटलं होतं, मुलगा बोटीवर आहे. कोकणातली निम्मी पोरं बोटीवर असतात.

मग एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. "बाय, ह्या काय लिवलाय ता बघ. मना वाचता येता, पण कळत नाय."

त्यांच्या सुनेचा मेसेज होता. लांबलचक, पण एकही शब्द जास्तीचा नाही. मंगेश टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी हजेरीला तो आला नाही. झोपायच्या बंकशी चपला होत्या, अंगावरची चादर घडी करून ठेवलेली होती, माणूस नव्हता. चार दिवस शोधलं. कंपनीने 'समुद्रात बेपत्ता' असं पत्र दिलं. सून तेव्हा चोवीस वर्षांची होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून ती गुहागरच्या घरी होती. अंगणवाडीत जात होती, सासूचं पाच वर्षं तिने अंथरुणावर सगळं केलं, सासू तिच्या मांडीवर गेली. आता एसटी डेपोतला एक मेकॅनिक, बिजवर, तिच्याशी लग्न करायला तयार होता. तीही तयार होती. पण कागदोपत्री ती अजून मंगेशची बायको होती. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल तर कोर्ट त्याला मयत धरू शकतं. त्यासाठी वकिलाला वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, इथल्या एम्बसीचा शिक्का मारलेलं. शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार. पण हो किंवा नाही, एक काहीतरी सांगा.'

मेसेज पाच महिने जुना होता.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही उत्तर दिलंत का?"

"बघू म्हटला."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपणहून काही सांगितलं. मंगेशची बातमी आली तेव्हा ते दुसऱ्या कंपनीत होते, एका टॉवरच्या बाराव्या मजल्यावर काम चालू होतं. गावाहून भावाचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि हातातलं काम पुरं केलं. तासभर लागला. मी विचारलं, कसं केलंत? ते म्हणाले, "पाईप उघडा व्हता, बाय. तसाच टाकून कसा जानार?"

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा कामावर होते. आई घरी छाती पिटत होती, आणि बाप इथे लोकांचे नळ दुरुस्त करत होता. रडले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही. ते मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा मिठाई चावताना असायचा तसाच होता.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला, हेही खरं. मी बाई आहे. त्या मेसेजमधली शेवटची ओळ मी घरी जाऊनही विसरू शकले नाही. त्यानंतर मी रोज विचारायची, "काका, टाइप करू?" ते रोज म्हणायचे, "बघू." महिना गेला, दीड महिना गेला. वकिलाने नमुना पाठवला, तो मी प्रिंट काढून ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

एक दिवस माझा तोल सुटला. स्टोअरमध्ये ते जॅकेटं पुसत बसले होते, मी दारात उभी राहून म्हणाले, "काका, तुम्ही त्या मुलीचं आयुष्य गोठवून ठेवलंय. दोन्हीकडून बूच लावून. तुमचं तुमच्यापुरतं ठीक आहे, तुम्हाला काही कळतच नाही. तिला कळतं."

बोलले आणि जीभ चावली. ते जॅकेट पुसत राहिले. मग त्याची घडी घालत म्हणाले, "जास्त वेळ धरला तं पाईप फुटतो. मना ठाऊक हाय, बाय."

आणि तेवढंच. आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

मग जानेवारीत उम्म खालिदच्या घरून फोन आला. दिवाणखान्याच्या छतावर ओल उतरली होती. वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतला रेडिएटर गळत होता. ती खोली खालिदची. आम्ही त्या घरात पाच-सहा वेळा गेलो होतो आणि दर वेळी ती सोडून बाकीचं बघा असं सांगितलं गेलं होतं. खालिद लंडनला शिकला हे आम्हाला माहीत होतं, कारण जिन्यात त्याचा पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो होता. तो तिकडेच असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

खोली उघडली तेव्हा आत बंद कपाटाचा वास होता. पलंग, टेबल, भिंतीशी ओळीने बूट, फुटबॉलचे, चामड्याचे, पांढरे. जाड गालिचा. काकांनी गुडघे टेकले, टोपी उलटी केली, गाल लावला. "पानी झोपूं दे." उम्म खालिद पलंगाच्या कडेला बसल्या. मी दारात.

जॅकेटं चढली. पाइपवर पांढरी साय धरली. काकांनी नट सैल करून बघितला, थेंबभर पाणी आलं आणि थांबलं. त्यांनी जुना कॉक काढून गालिच्यावर फडक्यात ठेवला. उघड्या पाइपची दोन टोकं समोर होती. अशा वेळी दर थोड्या मिनिटांनी सिलिंडरमधून गॅस द्यावा लागतो, नाहीतर बूच सैल पडतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी टेफलॉनची टेप गुंडाळता गुंडाळता बुटांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "इचार मामाला, खालिद कधी येनार हाय? बूट सगळे इथेच हायत."

मी विचारलं. का विचारलं असं नंतर वाटलं.

उम्म खालिद म्हणाल्या, "खालिद? त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गाडीचा अपघात. इथेच, घरापासून लांब नाही."

मी मराठीत सांगितलं. काका टेप गुंडाळत होते ते थांबले. त्यांनी त्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेला?"

"हो."

"मग ह्यांना अजून उम्म खालिद कशाला म्हनतात?"

हे मी कसं विचारणार? पण उम्म खालिदना नाव ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, "काय म्हणतोय?" मी जमेल तेवढं सौम्य करून सांगितलं. त्यांना राग आला नाही. उलट थोडं नवल वाटलं, कुणी दोन अधिक दोन किती असं विचारल्यासारखं.

"मग दुसरं काय म्हणतील मला? मी खालिदची आई आहे. मी त्याला पुरलं, दर आठवड्याला तिथे जाते, आणि घरी आल्यावर सगळे मला उम्म खालिद म्हणतात. नाव कुठे जातं? ते कुणी काढून घेत नाही. त्याला विचार, त्याला कुणी सांगितलं काढून घेतात म्हणून?"

मी काकांना एकेक वाक्य सांगत गेले. ते ऐकत होते. हातातली टेप सुटून घरंगळत पलंगाखाली गेली, ती त्यांनी उचलली नाही. त्यांची नजर त्या बुटांवरही नव्हती, कुठेच नव्हती. सिलिंडर त्यांच्या मांडीशी होता. मी आठवण करून द्यायला हवी होती. पण मीही भाषांतरात गुंतले होते, आणि त्यांच्याकडून असं काही होईल हे माझ्या मनातही आलं नाही.

पाणी आधी उम्म खालिदनी बघितलं. "अबू मंगेश! माय! माय!" पाणी, पाणी.

एका टोकाचं बूच सुटलं होतं. रेडिएटरच्या लाइनीतलं पाणी काळं असतं, वर्षानुवर्षं लोखंडातून फिरून डबक्यासारखा वास मारणारं. ते फवाऱ्यासारखं काकांच्या छातीवर आलं, गालिच्यावर, पलंगाच्या चादरीवर, बुटांवर. काकांनी दोन्ही तळवे पाइपच्या तोंडावर दाबून धरले. बोटांच्या फटींतून ते येतच राहिलं. मी खाली पळाले, सुपरवायझरला फोन केला, माळ्याला हाका मारल्या. शेवटी खालचा नळ उघडून घरभरचं सगळं पाणी काढून टाकावं लागलं. काकांच्या कामात हे पहिल्यांदा घडत होतं.

मी वर आले तेव्हा खोलीची खिडकी सताड उघडी होती. उम्म खालिदनी ओरडाआरडा केला नाही. एकदाच म्हणाल्या, "यल्ला, चला, सगळं बाहेर." गालिचा कठड्यावर गेला, गादी गच्चीत गेली. आणि काका, नखशिखांत काळे झालेले, बुटांचा एकेक जोड उचलून गच्चीत नेत होते, फडक्याने पुसत होते आणि उन्हाकडे तोंड करून ठेवत होते. उम्म खालिद शेजारी उभ्या राहून कुठला कधी घेतलेला ते सांगत होत्या. अरबीत. काका "हां मामा, हां मामा" म्हणत होते. त्यांना त्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले. मला वाटलं, कालच्या प्रकाराबद्दल बोलतील. सुपरवायझर सकाळपासून फणफणत होता. पण ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर ते कधी बसले नव्हते.

"बाय, ता कागद टाइप कर."

मी नमुना उघडला आणि वाचून दाखवायला लागले. 'मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की सदर इसम हा आठ वर्षांपासून बेपत्ता असून...'

"सदर इसम कोन?"

"मंगेश, काका. कोर्टाची भाषा असते."

"मंगेश लिव."

मी वकिलाला न विचारता प्रत्येक ठिकाणी 'माझा मुलगा मंगेश' असं केलं. पाच ठिकाणी होतं. 'माझा मुलगा मंगेश हा आता हयात नाही असे मी मानतो' या ओळीशी मी वाचता वाचता थांबले. ते म्हणाले, "वाच." मी वाचलं. ते म्हणाले, "हां."

एम्बसीत सही करताना पेन दोनदा बोटांतून निसटलं. पेन हातात आहे की नाही हे त्यांना कळायचंच नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी पेनकडे डोळे लावून सही केली, एकेक अक्षर सोडवत. मला वाटलं होतं, आता तरी रडतील. नाही रडले. परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, "दुपारची कम्प्लेंट कुठची हाय?" अराद, मी म्हणाले. किचनचा नळ. ते म्हणाले, "चांगलीय."

कोर्टाचं काम उन्हाळ्यापर्यंत चाललं. निकाल आला त्या आठवड्यात त्यांनी व्हिसा कॅन्सल करायला दिला. सुनेचं लग्न घरून करून द्यायचं होतं, तिला माहेरी कुणी नव्हतं. निरोपाला आम्ही केक आणला, त्यांनी एक तुकडा खाल्ला. उम्म खालिदनी त्यांच्यासाठी खजुराचा डबा पाठवला. जॅकेटं आणि सिलिंडर स्टोअरमध्ये जमा झाले. तिथेच आहेत. सही करून कुणीही नेऊ शकतो, पण कुणी नेत नाही. आता सगळेच पाणी काढून टाकतात. जनाबियातून खडखडाटाच्या तक्रारी येतात तेव्हा मी लोकांना आठवडाभर थांबायला सांगते, आणि मला त्यांची फार आठवण येते. रिसेप्शनची मुलगीही नोकरी सोडून गेली. नवी आहे तिला मराठीत कुणी फोन करत नाही.

गेल्या महिन्यात काकांचा मेसेज आला. लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर होता, हाताने लिहून फोटो काढलेला. 'बाय, शुद्धलेखन बघून टाइप कर. छापखान्यात द्यायचा हाय.'

अक्षर थरथरतं, पण नेटकं. 'आमची कन्या' असं लिहिलं होतं, सून नाही. बाकी देव, मुहूर्त, स्थळ, सगळं नेहमीचं. मी टाइप करत खाली आले. 'आपले विनीत' याखाली दोन नावं होती. एक त्यांचं. दुसरं मंगेशचं.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. बायकोच्या दुसऱ्या लग्नाला निमंत्रण देणारा नवरा. असं कुठे असतं का? मग फोन लावला.

"काका, मंगेशचं नाव विनीतमध्ये... तिला चालेल?"

"तीच म्हनाली ठेवा. तो मेकॅनिकपन म्हनाला, रव्हूं दे."

"बरं. पण काका." ज्या तोंडाने मी त्यांना स्टोअरच्या दारात उभं राहून सुनावलं होतं, त्याच तोंडाने आता मला हे विचारायचं होतं. "त्याच्या नावाआधी काही लिहिलं नाहीये तुम्ही."

पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी बादली घासत होतं.

"कै. घालायला हवं ना, काका? लोक पत्रिका वाचतील."

बादलीचा आवाज थांबला. मग काकांचा श्वास ऐकू आला. आत घेतलेला, अडकलेला, परत घेतलेला. एवढ्या वर्षांत मी त्यांचा श्वास कधी ऐकला नव्हता.

"घाल," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "बारीक घाल, बाय."

मी ते अक्षर आणि त्यापुढचं टिंब निवडलं आणि आकार कमी करत गेले. दहा, आठ, सहा. त्याहून बारीक केलं असतं तर छापखान्यात उमटलं नसतं.